बटणाची ऊब

"बाई, चावी द्या की. मुठीत धरून दुरुस्ती कशी होणार?" बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला वायरमन आतूनच म्हणाला.

सिस्टरबाईंनी नाइलाजाने चावी त्याच्या काळ्या तळहातावर ठेवली. आठ दिवसांपूर्वी तिन्हीसांजेला गाडी आत घेताना फाटकाचा खांब घासला होता, तेव्हापासून त्यांनी ती नजरेआड केली नव्हती. सुनेने आवाज न चढवता सांगितलं होतं, "आई, दिवे दुरुस्त करून घ्या. त्यानंतरही दिसलं नाही, तर चावी माझ्याकडे."

"डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या? दिवेच मिणमिणतात," असं म्हणून बाईंनी ते कबूल केलं होतं. पर्सच्या आतल्या कप्प्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा घडी घातलेला एक कागद होता. तो मात्र त्यांनी वर्षभर कुणाला दाखवला नव्हता.

गाडी बेचाळीस वर्षांची आणि बाई चौऱ्याहत्तरच्या. याच गाडीतून त्या अर्ध्या गावाची बाळंतपणं करत फिरल्या होत्या. वायरमनच्या दोन्ही मुली त्यांच्याच हातांत जन्मल्या. त्याला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो फार चटकन उडायचा. आता साठीला आल्यावर उडायचंही त्राण उरलं नव्हतं, नाव तेवढं राहिलं होतं.

"हे बल्ब कुणी बसवले?"

"मीच आणले. दुकानदार म्हणाला, दुप्पट वॅटचे आहेत."

"म्हणजे दुप्पट जेवणारे पाहुणे बोलावलेत आणि स्वयंपाक तेवढाच." त्याने सॉकेट काढून पुढे धरलं. कड वितळून काळी पडली होती. "बॅटरीतला करंट आधी आत तुमच्या बटणाकडे जातो, तिथून उलट फिरून दिव्याकडे. तोही या दोऱ्याएवढ्या तारेतून. वाटेतच जिरतो बिचारा. बटण गरम होत असेल ना?"

"होतं की. पहिल्यापासून."

"आणि बोलला नाहीत कधी?"

"कशाला बोलू? थंडीत कुणाच्या दारी गाडी थांबली की मी त्या बटणावर बोटं शेकायची, मगच आत जायची. अडलेल्या बाईच्या पोटाला गार हात लावू नये. तुझ्या धाकटीच्या वेळी तर पाचही बोटं शेकून आले होते."

"तो बिघाड होता, बाई."

"असेल. आमच्या कामी आला."

त्याने मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, दिव्यापाशी जेमतेम साडेनऊ. आकडा ऐकताच बाई स्टुलावर ताठ बसल्या. किती दिवसांनी त्यांचं काहीतरी खरं ठरलं होतं. "बघ, मी म्हणत नव्हते? सांग आता सुनेला."

"सांगतो. आधी काम तर होऊ द्या."

काम दुपार खाऊन गेलं. त्याने बॅटरीपासून जाड तार नवी ओढली, वाटेत फ्यूज घातला, आणि काड्यापेटीएवढ्या दोन काळ्या डब्या दिव्यांच्या मागे पत्र्यावर बसवल्या. दर दहा मिनिटांनी तो कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा.

"हे रिले. बटणाने आता नुसता हुकूम सोडायचा. ओझं ही जाड तार वाहणार, थेट बॅटरीतून."

"म्हणजे सासूने बोलायचं आणि सुनेने राबायचं."

"तुमच्या घरी उलटंच दिसतंय."

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी पर्स मांडीवर जवळ ओढून घेतली.

शेवटी त्याने शटर खाली ओढलं. गॅरेजात अंधार झाला. समोरच्या भिंतीवर त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक जुन्या गाडीची एक रेघ होती, तिच्या दिव्याच्या उंचीवर रंगाने ओढलेली. बाईंच्या गाडीची निळी होती, बोटभर जाड. दिवे तपासायला आल्या की बाई गाडीत बसूनच ती शोधायच्या.

आज स्टिअरिंगमागे बसून त्यांनी बटण ओढलं. पुढे कुठेतरी टिक असा आवाज झाला. तो त्यांना स्वच्छ ऐकू आला. भिंत पांढरीशुभ्र झाली. फ्यूजने डोळ्यांवर आडवा हात धरला.

"काय लखलखाट आहे! रेघ दिसते ना, बाई? तुमचीच आहे."

बाई पुढे झुकल्या. समोर कापसाच्या गुंडाळीसारखा उजेड होता, आणि मधोमध, जिथे बघावं नेमकं तिथेच, धुरकट डाग. मान इकडे केली तर डाग इकडे, तिकडे केली तर तिकडे.

दिसते म्हणायला काय लागत होतं? रेघ निळी आहे हे त्यांना पाठ होतं. फ्यूजने सुनेला आकडे सांगितले असते. पण चाळीस वर्षांत थर्मामीटरवरचा आकडा त्यांनी कुणाला खोटा सांगितला नव्हता, कुणी कितीही आशेने तोंडाकडे बघत असलं तरी.

"नाही दिसत."

त्याने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग घाईघाईने म्हणाला, "काच जुनी आहे, बदलून बघू. दिवे जरा खाली करतो."

"मीटर किती दाखवतो?"

"साडेबाराला थोडे कमी."

"मग दिव्यांचं दुखणं बरं झालं. उगाच दुसऱ्याच रोग्याला औषध नको."

"मोतीबिंदू असेल, बाई. हल्ली लगेच काढतात."

"मोतीबिंदू नाही. आतल्या पडद्याचं आहे. त्याला तुझ्यासारखी दुसरी तार ओढता येत नाही." त्यांनी पर्सवर हात ठेवला. "मलाही माहीत होतं रे. पण दिवेही आजारी निघाले, तेव्हा वाटलं, डॉक्टर चुकले असतील."

संध्याकाळी गाडी फ्यूजने चालवली. बाई शेजारच्या सीटवर बसल्या. या गाडीत त्या बाजूने रस्ता कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. फाटकाचा खांब हातभर अंतरावरून गेला. दारात सून उभी होती, दिव्यांच्या झोतात डोळे किलकिले करून.

इंजिन थांबलं. फ्यूजने चावी काढून बाईंपुढे धरली.

"तिच्याकडे दे," बाई म्हणाल्या.

तो उतरला. जुन्या गाडीचे दिवे चावीशिवायही लागलेलेच होते. बाईंनी सवयीने आडवा हात करून बटण धरलं. ते गार होतं. इतका वेळ दिवे जळूनही अगदी गार. त्यांनी पाचही बोटं त्याच्याभोवती मिटली आणि त्यांच्या हाताने ते जरा कोमट होईपर्यंत तशीच धरून ठेवली. मग दिवे बंद केले.