धुराड्यात एक मीटर

माझ्या बहिणीच्या घरातलं धुराडं आमच्या बापाने बांधलं. नदीतले गोटे आणि चुना, खाली भिंतीत माणूस वाकून शिरेल एवढी शेकोटी, वर छपरापर्यंत सहा मीटर. बाप म्हणायचा, "यात कागदाचा कपटा पेटवून सोडा, थेट आर्जेन्टिनात जाऊन पडेल." हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की मला ते शास्त्रच वाटायचं.

मी एलिसेओ मान्सिया. चिलीच्या थंड दक्षिणेत, कोयहाइकेत, तीस वर्षं धुराडी झाडतोय आणि लाकडाच्या शेगड्या बसवतोय. आमच्या गावात हिवाळ्यात वारा पडला की धूर खाली बसतो आणि समोरच्या घराचं दार दिसत नाही. म्हणून सरकारने योजना काढली: जुनी लाकडाची शेगडी आणून द्या, पेलेटची न्या. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. शेगडीत विजेचा पंखा असतो, तोच जाळाला हवा देतो आणि धूर बाहेर ढकलतो.

नोल्फाताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जन्मभर धूर खाऊन तिची छाती बसली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, घरात अजून एक हिवाळा धूर झाला, तर पुढचे सगळे हिवाळे ऑक्सिजनचं नळकांडं नाकाला लावून काढावे लागतील." तिने त्याच आठवड्यात योजनेत नाव घातलं. शेगडी बसवणारा मात्र तिने आधीच ठरवला होता. रांगेतल्या बायकांना सांगत होती, "माझा भाऊ बसवणार. कार्ड आहे त्याच्याकडे."

कार्ड होतं हे खरं. दोन आठवड्यांचा वर्ग करून मिळवलेलं. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा. तो म्हणायचा, "लाकडाचा धूर गरम असतो, तो आपला आपण वर पळतो. पेलेटचा धूर थंड आणि आळशी. त्याला रुंद जुन्या धुराड्यात सोडलं की तो भिंतींना चिकटतो, भेगांतून घरात शिरतो. म्हणून शेगडीपासून छपरापर्यंत अख्खी लवचिक पोलादी नळी, खाली पत्रा लावून तोंड बंद, सांधे घट्ट." मी सगळं वहीत उतरवलं, कारण तो वही तपासायचा. मनात म्हटलं, लेका, धुराड्यात कधी डोकं घातलंयस का?

नोल्फाताईच्या घराचा आराखडा मी झकास काढला. मापं घेतली, सहा मीटर उंची म्हणून चार इंची नळी धरली, वर टोपी, खाली धुराड्याच्या तोंडाशी झडप असते तिथे पत्रा. कार्यालयात यास्नाने तो बघितला. यास्ना कार्कामो म्हणजे ताईच्या शेजारणीची मुलगी. माझ्याच वर्गात होती आणि पहिली आली होती. आता योजनेच्या तपासणीचं काम तिच्याकडे होतं.

"काका, आराखडा छान आहे," ती म्हणाली. "पण त्या धुराड्याला मध्ये खांदा आहे ना, आत वळून अरुंद होतं तिथे? नळी तिथे अडेल. झोपायच्या खोलीतून दोन दगड आधी काढून ठेवा."

"पोरी, तू रांगायची तेव्हापासून मी त्या धुराड्यात शिरतोय."

"म्हणून तर म्हणते. तुम्हाला खांदा माहीत असेल."

"माझ्या बापाच्या दगडाला छिन्नी लावायची? तुला घरचं काही काम नाही का?" टेबलाभोवतीचे चार जण हसले. यास्नाही हसली, पण तिने कागदाच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं.

शेगडी बसवली त्या रविवारी ताईने मटण भाजलं आणि अर्धी गल्ली गोळा केली. मी छपरावर चढून नळीचं वेटोळं वरून सोडायला लागलो. साडेतीन मीटर गेली आणि अडली. कुठे? खांद्यावर. मी ओढली, पिळली, पुन्हा सोडली. खालून शेजारचा रुपेर्तो ओरडायचा, "काय मिस्त्री, नळीला खाली यायला लाज वाटतेय का?" दोन तास असे गेले. मटण खाऊन संपलं तरी मी छपरावरच. लोक वर बघत होते आणि माझे कान तापले होते.

मग मी नळी वर ओढून काढली, खाली आलो आणि कमरेवर हात ठेवून म्हणालो, "नकोच ती. हे धुराडं काय साधंसुधं आहे? बापाचं आहे. आपलं आपण ओढतं."

"मग बरंच झालं," ताई म्हणाली. तिला काय कळणार? तिचा माझ्यावर विश्वास होता.

मी शेगडीच्या मागून एक मीटर नळी झडपेच्या वर नेली, भोवती न जळणारी दगडी लोकर कोंबली आणि पत्र्याने झाकून टाकली. बाहेरून बघणाऱ्याला काम अगदी नेटकं दिसलं असतं. कार्यालयातल्या कागदावर अख्ख्या नळीचा आराखडा होता, त्याखाली मी सही केली. उरलेली नळी गाडीत टाकून माझ्या शेडमध्ये नेऊन ठेवली. परत करू, म्हटलं. केली नाही.

तीनेक आठवड्यांनी ताई म्हणाली, "एलिसेओ, सकाळी डोकं जड होतं रे. खोलीत कसला तरी वास येतो."

"नवी शेगडी आहे. रंग जळतोय."

"तीन आठवडे रंग जळतो?"

"चांगला रंग आहे."

ती हसली आणि मला माते भरून दिला, म्हणजे आमचा नळीने ओढून प्यायचा कडू पाल्याचा चहा. काय झालंय हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षं धूर हुंगलेल्या माणसाला रंगाचा वास आणि धुराचा वास वेगळा कळत नाही असं मी म्हणालो, तर माझी मला शरम वाटेल. मला कळलं होतं. तरी मी मातेच्या नळीतून पाणी ओढत बसलो आणि बर्फ किती पडेल यावर बोललो. नळी काढून आणून घालायची, तर दगड फोडावे लागतील, दगड फोडले तर गल्ली विचारेल, यास्नाला कळेल. एवढ्यासाठी मी बहिणीला धुरात बसवून घरी आलो.

जुलैत, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यात, भर दुपारी वीज गेली. पंखा बंद पडला आणि शेगडीतला धूर जायला वाट न सापडून खाली आला. ताई शेजारी विणत बसली होती. रुपेर्तो कोंबड्यांच्या खाद्याचं विचारायला आला म्हणून बरं. त्याने खिडकी फोडली, तिला बाहेर बर्फावर ओढलं. ती दवाखान्यात चार दिवस होती. मी रोज जायचो, खुर्चीवर बसायचो, आणि डॉक्टर आत आले की उठून बाहेर जायचो.

ती घरी आली त्याच दिवशी यास्ना तपासणीला आली. खोलीत आम्ही तिघंच. ताई खांद्यावर घोंगडं घेऊन आरामखुर्चीत, मी दाराशी. यास्नाने शेगडी पुढे ओढली, पत्रा काढला, धुराड्यात हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. मग तिने बॅटरी घेतली आणि बराच वेळ वर बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "वरची नळी कुठे आहे?"

मला तोंड उघडायचं होतं. खरंच होतं. पण माझ्या आधी ताई बोलली.

"मीच नको म्हटलं. बापाच्या धुराड्यात लोखंड घालू देणार नाही, म्हटलं. तो बिचारा घालत होता."

यास्नाने माझ्याकडे बघितलं. ताईनेही बघितलं. मी जमिनीकडे बघितलं, तिथे पत्र्यावरून पडलेली काजळी होती.

"मावशी," यास्ना हळू म्हणाली, "मालकाच्या सांगण्यावरून बदल केला असं मी लिहिलं, तर नियमाप्रमाणे शेगडी परत न्यावी लागेल. दुसरी मिळणार नाही. तुमची जुनी तर आपण मोडीत काढली. हिवाळा काय करणार?"

"स्वयंपाकघरातली चूल आहे की."

"लाकडाची?"

"मग काय हवेवर चालणारी?"

"तुमच्या छातीला चालणार नाही ती. मावशी, अजून एकदा विचार करून सांगा. कुणी सांगितलं?"

"मी," ताई म्हणाली.

मी दाराशीच उभा. यास्नाने कागद पुढे केला, ताईने सही केली. दुसऱ्या दिवशी दोघं जण आले आणि शेगडी उचलून घेऊन गेले. मी त्यांना दार धरून दिलं. एवढं मात्र मदत म्हणून केलं.

त्यानंतर ताई स्वयंपाकघरात झोपायला लागली. चूल पेटवली की खोकायची, विझवली की कुडकुडायची. तिसऱ्या दिवशी रुपेर्तो मला रस्त्यात म्हणाला, "मिस्त्री, बहीण तुझी हट्टीच रे. बापाच्या दगडांसाठी जीव घालवेल." मी म्हणालो, "हट्टीच." म्हणालो! तोंडातून शब्द गेला आणि मी बर्फात धडपडत उलट्या वाटेने घरी निघालो. रुपेर्तोला वाटलं, मी प्यालोय.

चौथ्या दिवशी सकाळी मी नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन कार्यालयात गेलो आणि यास्नाच्या टेबलावर ठेवलं. रांगेत वीस माणसं होती. मी मुद्दाम मोठ्याने बोललो, कारण हळू बोललो असतो तर अर्धंच बोललो असतो. नळी अडली, मला लाज वाटली, मी काढून घेतली. ताई काही बोलली नव्हती. वासाचं तिने सांगितलं, मी रंगाचं खोटं बोललो. कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे इतक्या उशिरा का, काका?" यास्ना म्हणाली. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

कार्ड दोन वर्षांसाठी गेलं. शेगडी परत आली. यास्नाने झोपायच्या खोलीतून खांद्याजवळचे दोन दगड काढले. छिन्नी मीच मारली, तिच्या सांगण्यावरून. नळी वरून सोडली, तिने आतून हाताने वळवून खांदा पार केला, खाली शेगडीला जोडली, सांधे भरले, वर टोपी बसवली, दगड पुन्हा लावले. पाऊण दिवसाचं काम. वीज गेली तरी मंद धूर नळीतूनच बाहेर जावा, म्हणून तिने मुख्य बटण बंद करून दोनदा तपासलं. गल्ली बघायला आली होती. रुपेर्तोने शिडी धरली.

सगळे गेल्यावर ताईने मातेचं पाणी ठेवलं. शेगडी पेटली होती आणि खोलीत कसलाही वास नव्हता. ती विणकाम घेऊन बसली, मी समोर. ती खोकली नाही, तेव्हा मला जरा धीर आला. बरेच दिवस ठरवून ठेवलेलं बोलून टाकलं.

"ताई, तू त्या दिवशी मला वाचवलंस. माझ्यासाठी खोटं बोललीस. मी ते विसरणार नाही."

तिने सुया थांबवल्या.

"तुला वाचवायला नाही बोलले रे."

"मग?"

"मला बघायचं होतं, तू मला खोटं बोलू देतोस का."

पाणी उकळायला लागलं होतं. ती उठली, किटली बाजूला घेतली, माते भरला आणि माझ्या हातात दिला. मग खुर्चीत बसून तिने पुन्हा सुया हातात घेतल्या.

"बोलू दिलंस," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.