तळघरातला शेवटचा उजेड

धंतोलीतल्या घराच्या तळघरात मार्तंडरावांनी फोटो धुवायची अंधारखोली केली आणि उजेडाच्या धास्तीने एकूण एक फट बुजवून टाकली. रसायनांच्या वासाने जीव गुदमरायला लागला, तेव्हा लतिकाबाईंनी जुन्या कूलरच्या पत्र्याची नागमोडी नळी बसवली, आतून काजळीने काळी केलेली. हवा वळणं घेत आत आली, उजेड मात्र वाटेतच अडला. बायकोचं डोकं पाहून ते थक्क झाले.

दार लावून दोघं डोळे सरावेपर्यंत बसली.

"उजेडाचा ठिपकाही दिसून नाही राहिला वं!" ते हरखून म्हणाले.

"मंग तुमच्या मनगटावर काय चमकून राहिलं?"

सासऱ्यांनी लग्नात दिलेलं रेडियमच्या काट्यांचं घड्याळ! मार्तंडरावांनी अंधारातच बायकोला हात जोडले, आणि त्या घड्याळापायी तेही तिला दिसलं.