काढून टाकलेली ओळ

दवाखाना उघडण्याआधी बेकरीतून ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव, घ्यायचा, हा डॉ. रोसविता आयग्नर यांचा रोजचा परिपाठ. गल्ल्यावर म्हातारी मालकीण बसलेली असायची आणि पुढे तिची सून बुर्गी. बुर्गी सगळ्यांची थट्टा करायची, डॉक्टरांचीही. डॅन्यूबकाठच्या त्या गावात सगळ्यांना सगळ्यांचे सगळे ठाऊक होते. फक्त गर्भपाताबद्दल कुणी ब्र काढत नसे. रोसविताबाई तो करत, पण ते गावात कुणाला धड माहीतही नव्हते. करायला कायद्याची परवानगी होती, जाहीर सांगायला मनाई होती. वा रे न्याय! काम करा, पण तोंड शिवून करा.

पूर्वी दवाखान्याच्या वेबसाइटवर एक साधी ओळ होती: 'येथे गर्भपात केला जातो.' पण दूरच्या शहरातला कुणी गृहस्थ घरबसल्या डॉक्टरांच्या वेबसाइटी चाळायचा आणि तक्रारी ठोकायचा. एका ओळखीच्या डॉक्टरांना त्यापायी कोर्टाची पायरी चढावी लागली. रविवारी जेवताना रोसविताबाईंच्या नवऱ्याने, आलोइसने, विषय काढला. हे हात दाखवून अवलक्षण कशाला, असे त्याचे म्हणणे. जिला गरज आहे ती शोधेलच की. बाईंनी त्याच दुपारी ती ओळ काढून टाकली. फोनवर कुणा अनोळखी बाईने विचारले तर काही सांगायचे नाही, असे मदतनीस बाईंनाही बजावले. त्या रात्री त्यांना झोप छान लागली, हे त्यांना पुढे फार दिवस टोचत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात बुर्गी दुकानात दिसेनाशी झाली. पोटाचं दुखणं आहे, एवढंच सासू बोलली. पानगळीच्या सुमारास बुर्गी पहिल्यांदाच दवाखान्यात आली. जिल्ह्याच्या इस्पितळात तिची गर्भपिशवी काढावी लागली होती. इंटरनेटवरून कुठल्याशा गोळ्या मागवून तिने घेतल्या होत्या. ताप चढला तरी तिने अंगावर काढला होता.

"गर्भपाताआधी लागतो तो सल्लाकेंद्राचा दाखला होता माझ्याकडे," ती म्हणाली. "तिथल्या बाईंनी म्युनिकचा डॉक्टर सांगितला. पण दुकान टाकून दिवसभर म्युनिकला कशाला, हे सासूबाईंना काय सांगणार होते मी?"

"अगं, मग माझ्याकडे का नाही आलीस?"

बोलून गेल्यावर रोसविताबाईंनी जीभ चावली.

"तुम्ही करता?" बुर्गीने विचारले. "डॉक्टर, तुमचीच वेबसाइट मी सगळ्यात आधी उघडली होती. लसीपासून पाळी जाण्यापर्यंत सगळं होतं तिथं. नाव न सांगता फोनही केला. माहिती देता येणार नाही म्हणाल्या बाई. मला वाटलं, तुम्हीही याला पाप म्हणणाऱ्या, सासूबाईंच्याच पंथातल्या."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. पण इथे कळसा काखेतच लपवून ठेवला होता, आणि तो लपवणारी बाई समोर बसली होती.

"ओळ होती तिथं," रोसविताबाई कशाबशा म्हणाल्या. "मी काढली. घाबरले गं."

बुर्गीने आदळआपट केली नाही. ती नुसते म्हणाली, "मीपण घाबरलेच होते की." मग पिठाची पोती कधीपासून उचलता येतील, असे तिने विचारले. रोसविताबाईंनी उत्तर दिले, पण मान वर करून तिच्याकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

संध्याकाळी त्यांनी ती ओळ जशीच्या तशी परत लिहिली. कोर्टात खेचतील, असे आलोइस म्हणाला. खेचू देत, असे बाई म्हणाल्या. आणि खेचलेच. तो गृहस्थ कुठे गप्प बसतो!

कायदा माहीत असूनही ओळ लिहिलीत, याचा काही पश्चात्ताप होतो का, असे न्यायाधीशांनी विचारले. वकिलांनी शिकवलेले गुळमुळीत उत्तर रोसविताबाईंना तोंडपाठ होते. पण मागच्या बाकावर बुर्गी येऊन बसली होती.

"होतो ना," त्या म्हणाल्या. "मध्ये वर्षभर ती ओळ काढून ठेवली होती, त्याचा."