आबांचा मका, माझ्या कोंबड्या

चूक माझीच. सासऱ्यांच्या मक्याचं कौतुक मला जगाला दाखवायचं होतं. कणसं ओळीनं मांडली, शेजारी आबांना उभं केलं आणि फोटो शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात दौंडकडच्या इथेनॉल प्लँटच्या एजंटाचा, बाळासोचा, आबांना फोन.

तो मका माझ्या पाचशे कोंबड्यांचा होता. पाच वर्षं केंदूरच्या आमच्या घरात असंच चाललं होतं. आबांनी मका पिकवायचा, मी तो भरडून कोंबड्यांना घालायचा आणि अंडी शिक्रापूरला विकायची. घरच्या घरात कागद कोण करतं?

आबांनी फोनवरच शब्द देऊन टाकला. मला म्हणाले, "पोरी, सारा जलम व्यापाऱ्याच्या मागं फिरलो. आज त्यो माझ्या मागं आला. न्हाई कसं म्हणू?"

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण बहात्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडावरचा तो आनंद बघितला आणि मका भरायला मीच पोती काढून दिली.

"बाहेरनं घिऊ की मका," माझा नवरा सत्यजीत म्हणाला. शहाणाच! बाहेरचाही मका तिकडंच चाललेला. शिरूरला जाऊन भाव विचारला आणि हात हलवत परत आले. पेट्रोलात मिसळायला गिऱ्हाईक पक्कं आहे म्हटल्यावर कोंबड्यांना कोण विचारतो? पंपावर मोठा फलक लावलाय, त्यावर कणीस घेऊन हसणारा शेतकरी. त्याच्या घरात कोंबड्या नसाव्यात.

शेवटी मीच बाळासोला फोन केला. तो गोडच बोलला. "वैनी, इथेनॉल काढल्यावर मक्याचा चोथा उरतो. कोंबड्यांला चालतो, लोकं नेत्यात." म्हणजे आमच्या मक्यावर गाड्या पळणार आणि उरलेला चोथा आम्ही विकत आणायचा! अंगाचा तिळपापड झाला. तरी आणला. तो खाद्यात थोड्या प्रमाणातच मिसळायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण मकाच नाही, तर मिसळू कशात? महिन्याभरात अंडी निम्म्यावर आली. दुसऱ्या महिन्यात मी हात टेकले.

गुरुवारी कोंबड्या न्यायला गाडी आली. सत्यजीत धरून देत होता, मी जाळ्यांची दारं लावत होते. मला रडू येत होतं आणि सगळ्यांचा राग येत होता, पण नाव घेऊन शिव्या द्याव्यात असा एक माणूस सापडत नव्हता.

गाडी निघणार, तेवढ्यात आबा रानातून आले. खांद्यावर गोणी. काढणीत मागं राहिलेली कणसं सकाळपासून वेचून त्यांनी हातानं दाणे काढले होते. ते एकेका जाळीत मूठमूठ दाणे टाकायला लागले. कोंबड्या तुटून पडल्या.

"आबा, आता कशाला?" ड्रायव्हर म्हणाला. "सांजच्याला कापायच्यात त्या."

"व्हय, ठावं हाय," आबा म्हणाले आणि पुढच्या जाळीकडं वळले.

मी त्यांच्या गोणीत ओंजळ घातली आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले.