आमच्या बहादूरचा पोरगा

मी नेपाळकडून फुटबॉल खेळलो म्हणून कोपरच्या सोसायटीने माझा सत्कार ठेवला. माझे बाबा तिथले वॉचमन. नाव गोविंद खत्री. पण नेपाळी वॉचमन म्हणजे बहादूर, एवढंच या लोकांना ठाऊक. "ए बहादूर, गेट खोल!" ऐकतच मी मोठा झालो. फ्लेक्सवरही तेच छापलेलं, 'आमच्या बहादूरचा पोरगा'.

सेक्रेटरी कारखानीस माईकवर म्हणाले, "पोरगा जन्मला इथे, मराठी आपल्यासारखीच बोलतो. मग इंडियाकडून का नाही रे खेळलास?" लोक हसले.

माझं डोकंच फिरलं. मेंबरच्या पोरांनीच खेळायचं म्हणून याच माणसाने मला लहानपणी ग्राउंडवरून हाकललेलं. मी माईक ओढून घेतला.

"काका, तिकडे मला इंडियन म्हणून शिव्या पडतात. तरी जर्सीवर खत्री लिहितात. तुम्ही बाबांना नाव तरी विचारलंत कधी?"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. पहिल्या रांगेतले बाबा गळ्यातल्या हारासकट उठले आणि गेटकडे पळाले.

"बाबा, बसा!" मी माईकवरून ओरडलो. "ए कारखानीस, गेट खोल!"