नंबर आला की मी उठवतो

मी बोलतोय खरा, पण मला आवाज नाही. मी तेजस्विनीच्या प्रोग्राममधला कंडिशन व्हेरिएबल. प्रोग्राममध्ये एकाच वेळी राबणाऱ्या कामगारांना थ्रेड म्हणतात. काम नसेल तर त्यांना झोपवायचं आणि आलं की उठवायचं, ही माझी नोकरी.

माझा जन्म नाशिकला, गंगापूर रोडवर, तेजस्विनीच्या लॅपटॉपमध्ये झाला. तिचे काका गोरक्ष लासलगावजवळच्या एका खासगी कांदा बाजारात वीस वर्षं भोंग्यावरून ट्रॅक्टरचे नंबर पुकारायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि नुसती कुजबुज उरली. पण तेजस्विनीने त्याआधीच त्यांच्याकडून सगळे आकडे म्हणवून घेतले होते. आता संगणकाने ते जोडून नंबर पुकारायचा, असा तिचा बेत.

गेटवरचा थ्रेड नंबर यादीत टाकायचा. लिलावाच्या दोन शेडचे दोन थ्रेड तो उचलून पुकारायचे. यादीला कुलूप, किल्ली एका वेळी एकाकडेच. मी नव्हतो तेव्हा ते दोघे क्षणात लाखो वेळा विचारायचे, आला का नंबर, आला का? लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, आवाज अडखळायचा. मी आलो, दोघांना झोपवलं आणि पंखा शांत झाला. काय मिरवलो मी त्या दिवशी!

मग बाजारातली पहिली सकाळ. गेटवर नंबर पडला. मी उत्साहाने दोघांनाही उठवलं. एकाने नंबर उचलला, भोंग्यातून "चार, सात" एवढं ऐकू आलं. तोवर दुसरा यादीकडे धावला. यादी रिकामी! सगळा प्रोग्राम कोसळला.

"मॅडम, आम्हीच पुकारू का?" एक व्यापारी म्हणाला. तेजस्विनी मान खाली घालून कोड चाळू लागली.

शेजारी बसलेले काका तिच्या कानाशी कुजबुजले, "मी पण भोंगा घेतला की आधी नंबराची चिठ्ठी हाय का नाय बघायचो. मगच तोंड उघडायचो."

ती थबकली. तिने लिहिलं होतं, 'यादी रिकामी असेल तर झोप.' उठल्यावर पुन्हा बघायला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने 'तर'वाला 'इफ' खोडून 'तोवर'वाला 'व्हाइल' लिहिलं: 'रिकामी असेल तोवर झोप.' म्हणजे उठलास तरी आधी बघ, काही नसेल तर परत झोप.

प्रोग्राम पुन्हा सुरू झाला, गेटवरून तोच नंबर आला आणि मी पुन्हा दोघांना उठवलं. एकाने नंबर घेतला, दुसऱ्याने बघितलं आणि गुपचूप आडवा झाला.

"चार, सात, एक, दोन." काकांचा भरदार आवाज दोन्ही शेडवरून घुमला.

नंबर सिंधुबाईंचा होता. कांद्याचा ट्रॅक्टर तसाच सोडून त्या लगबगीने आल्या. "गोरक्षभाऊ, आवाज आला व्हय परत?"

काकांनी पुतणीकडे बोट दाखवलं. "हिनं आणला," ते कुजबुजले आणि डोळे पुसू लागले.

आता रोज शेकडो नंबर माझ्या हाकेवर निघतात. मला वापरणाऱ्यांनो, दोनच मागण्या. उठलेल्याला आधी बघायला लावा. आणि यादीत काही टाकलंत की मला सांगा, नाहीतर बिचारे झोपूनच राहतील.

गेटवर ट्रॅक्टर आलाय. येतो मी, दोघांना उठवायचंय.