बडलियाची वाकलेली फांदी

"धुळा, हे काय केलंस तू?"

प्राचार्यांचा आवाज चढलेला नव्हता. हातातली झारी धुळानं खाली ठेवली. बडलियाच्या झुडपामागे हेडमाळी भाऊसो उभा होता. त्यानं पायानं पाचोळा बाजूला सारला होता आणि त्याखालच्या दोन फांद्या उघड्या पडल्या होत्या. निम्म्या चिरलेल्या, वाकवून जमिनीला टेकवलेल्या.

"बगा साहेब," भाऊसो म्हणाला. "निम्मी फांदी तोडायची आन् खाली वाकवायची, म्हंजी शेरडाचं तोंड पोचतंय. मेंढरं गेली, पर हाताची खोड काय गेली न्हाई. वरनं पाचोळ्यानं झाकलंय, बगा की!"

"शेरडं कुठली रं, भाऊसो? माज्याकडं कोंबडीबी न्हाई!"

"तुज्याकडं नसंल. गल्लीत काय कमी हायत?"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात बडलियाचं ते एकच झाड. प्राचार्यांनी डेहराडूनहून कुंडी मांडीवर घेऊन आणलेलं. माघात त्याला पांढरे तुरे येत आणि सगळ्या आवारात मधासारखा वास सुटे. तुरे सुकले की फाल्गुनात छाटायचं, पुढे वर्षभर कात्री लावायची नाही. कारण छाटणीनंतर येणाऱ्या फुटीवरच पुढच्या माघाची फुलं धरतात. प्राचार्यांनी हे एकदाच सांगितलं होतं. चार वर्षांत धुळा एकदाही चुकला नव्हता.

बाहत्तरच्या दुष्काळात कवठे महांकाळकडे त्याची साठ मेंढरं गेली. बायकोला, रंगुबाईला घेऊन तो सांगलीला आला आणि या बागेत रोजंदारीवर लागला. गेल्या वर्षी प्राचार्य म्हणाले होते, "या झाडाची रोपं करून दाखव, धुळा. तुला कायम करायचं कमिटीपुढे मी मांडतो." त्यानं तीनदा काड्या लावल्या. पेन्सिलीएवढ्या, खालची पानं काढून, वाळूच्या कुंडीत. तिन्ही वेळा त्या बुडाशी काळ्या पडल्या. "इथे नाही जगत ही," म्हणून प्राचार्यांनी नाद सोडला.

धुळानं सोडला नव्हता. मेंढरांना पाला घालताना धनगर फांदी सगळी तोडत नाही. निम्मी चिरतो, वाकवतो; उरलेल्या सालीवर ती जगते, पुढच्या वर्षी पुन्हा पाला देते. असंच एका ओढ्याकाठी त्यानं वाकवलेलं उंबराचं डहाळं चिखलात टेकलं होतं. वर्षानं कळप घेऊन तो तिथं परतला, तर डहाळ्याला मुळ्या फुटलेल्या. एवढ्यावर भरवसा ठेवून आषाढात त्यानं बडलियाच्या मागच्या दोन फांद्या वाकवल्या, चिरेवर माती चढवली, दगड ठेवला, ओल टिकावी म्हणून पाचोळा पसरला. दिवाळीला त्या झाडापासून तोडायच्या होत्या. आता दोन आठवडे उरले होते.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. कोकरू उभं राहून आईला लुचेपर्यंत ते झालं म्हणून सांगायचं नाही, ही त्याच्या वाडवडलांची रीत. रंगुबाईलासुद्धा नाही.

"आजवर तुझ्यावर विश्वास ठेवला मी," प्राचार्य म्हणाले. "या झाडावर तरी हात टाकायचा नव्हतास."

"साहेब, ते तसं न्हाई. मातीत बगा जरा..."

"मातीत काय बघायचंय? उद्यापासून येऊ नकोस."

धुळानं तोंड उघडलं. पुढचे शब्द जुळायच्या आत प्राचार्य वाकले. दगड बाजूला ढकलून त्यांनी एक फांदी धरली.

"वडू नगा! साहेब, वडू नगा!"

फांदी चराचरा फाटत वर आली.

तिच्या बुडाला टिचभर मुळ्या होत्या. पांढऱ्या, दोऱ्यासारख्या, मातीची ढेकळं धरून लोंबणाऱ्या. त्यांतल्या बऱ्याच तुटल्या होत्या आणि तुटलेली टोकं खाली मातीत तशीच वर तोंड करून राहिली होती.

सगळा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलेले प्राचार्य हातातल्या फांदीकडे बघत राहिले. मुळ्यांवरची माती झडत होती.

"दाब कलम," ते पुटपुटले. "वर्गात फळ्यावर काढतो मी हे. दर वर्षी."

"आरं तिच्या!" भाऊसोच्या तोंडून निघालं. "आरं मला सांगायचं हुतंस की, गड्या."

धुळानं त्याच्याकडे बघितलं नाही. ऊन तापलं होतं. उघड्या मुळ्या किती वेळ टिकतात ते त्याला ठाऊक होतं. त्यानं डोक्याचा पटका सोडला. चार वर्षांत त्याचं उघडं डोकं कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं. पांढरे, घामानं चिकटलेले केस. झारीतलं सगळं पाणी त्यानं पटक्यावर ओतलं, प्राचार्यांच्या हातातून फांदी हलकेच काढून घेतली आणि ओल्या कापडात मुळ्या गुंडाळल्या. मग गुडघ्यावर बसून दुसऱ्या फांदीवरची सरकलेली माती बोटांनी परत चढवू लागला.

"धुळा," प्राचार्य म्हणाले, "मी..." आणि एक पाऊल मागे सरकले.

"साहेब, सरकू नगा. हितंच हुबं ऱ्हावा. तुमची सावली पडतीया."

प्राचार्य होते तिथेच थांबले. तासाची घंटा झाली, मुलं वर्गांतून बाहेर आली, लांबून बघत गेली. धुळाचे हात मातीतून बाहेर येईपर्यंत प्राचार्य उन्हातून हलले नाहीत.